अळंबीची जागा

भरे, ता. मुळशी
१८ नोव्हेंबर २०२५

किशोर,

आशीर्वाद लिहायला हात गेला होता, पण आधी काही विचारायचं आहे.

दत्ताचा दहावा काल ताम्हिणीला झाला. त्याची पेटी आठ तारखेला पर्थहून विमानानं आली, तिच्याबरोबर तू नव्हतास. दत्ताच्या बापानं, म्हसूनं मला चार वेळा विचारलं, "किशोरराव मागनं येत्यात का?" मी चारही वेळा सांगितलं, त्याची तब्येत अजून बरी नाही. ते खरं असेल असं धरून सांगितलं. अंबाबाईनं काही विचारलं नाही. ती पोराच्या पायाशी बसून होती.

फोनवर तू "ताई, नंतर बोलू" म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून कागद घेतला.

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. नकाशा पुढे घेतल्याशिवाय मला गोष्ट कळत नाही, हे तुला माहीत आहे. वहीतलं २३ ऑक्टोबरचं पान माझ्यासमोर आहे. तू फोनवर सांगत होतास आणि मी लिहून घेत होते. "लिओनोरापासून पश्चिमेला साठ किलोमीटर, बंद खाणीच्या मागे, कोरड्या ओढ्याच्या काठी. किशोर आणि दत्ता. शुक्रवार ते रविवार. रविवारी तिथले संध्याकाळी सहा वाजेपर्यंत फोन. न आल्यास पोलीस." खाली पोलिसांचा नंबर.

ही पद्धत तूच मला शिकवलीस. त्या माळावर यंत्र घेऊन सोनं शोधायला जायचं तर मागं एका माणसाला नेमकी जागा आणि परतायची वेळ सांगून जायचं, कारण चुकला तर तिथं शंभर किलोमीटरपर्यंत माणूस भेटत नाही. तुझ्या बायकोला, वैष्णवीला हे वेड पसंत नाही, म्हणून तो माणूस मी. "तुझ्यासारखं घड्याळ लावून कोण बसेल, ताई?" असं तू म्हणालास. तीन वर्षं मी बसले. तुझ्या प्रत्येक फेरीला वहीचं एक पान आहे.

रविवारी तुझा फोन आला नाही. मी पोलिसांना कळवलं. त्यांनी माझ्या वहीतली जागा सोमवार, मंगळवार, बुधवार पालथी घातली. गाडी गुरुवारी सापडली ती लाव्हर्टनच्याही पुढे, आणि तीही गुरं बघायला उडालेल्या एका शेतमालकाच्या विमानाला. पट्टी लावून मोजलं. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. हे दोनशे किलोमीटर कुठून आले?

अजून विचारते. संकटात दाबायची ती पिवळी डबी, जिच्यामुळे उपग्रहावरून जागा कळते, ती घेतल्याचा फोटो तू मे महिन्यात पाठवलास. तिथल्या पोलीसबाई म्हणाल्या, गाडीत अशी काही वस्तू नव्हती. फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. डबीच्या मागे तशाच आणखी सहा डब्या आहेत आणि खाली किमतीची चिठ्ठी आहे. तो दुकानातला फोटो आहे.

दोन टायर झाडाच्या खुंटांनी फाटले आणि स्टेपनी एकच होती, इथपर्यंत समजलं. गाडी सोडायची नाही, हा तुमच्या त्या यादीतला पहिला नियम. तू सोडली नाहीस आणि वाचलास. दत्ता रविवारी पहाटे पायी निघाला. त्याला कोणी जायला सांगितलं? त्याच्याजवळ दोन लिटरचा एक कॅन सापडला. गाडीत बाकी पाणी किती होतं?

तो ओढ्याच्या उतारानं चालत गेला. पोलिसांनी कळवलेलं वाचल्यावर मला समजलं तो काय करत होता. ताम्हिणीचं पोर चुकलं तर उतार धरतं. उतारानं पाणी लागतं, पाण्याच्या कडेला वाडी असते. त्या देशात ओढा वाडीला जात नाही. तो खाऱ्या तळ्यात जाऊन संपतो. दत्ता त्या मिठाच्या कडेला सापडला. हे त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

सोनं मिळालं का, हे मी विचारत नाही.

तेवीस साली अंबाबाई पोराला तिकडं कामाला पाठवायला तयार नव्हती. मी तिच्या ओट्यावर बसून सांगितलं, माझा भाऊ अठरा वर्षं तिथं आहे, तो बघेल. तिनं तुझ्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणून मला उत्तर हवं आहे.

ताई

भरे
३० नोव्हेंबर २०२५

किशोर,

उत्तर मिळालं. मला नाही, अंबाबाईला. दत्ताच्या बहिणीच्या, करिष्माच्या फोनवर तू अंबाबाईशी वीस मिनिटं बोललास.

ती बुधवारी सकाळच्या एसटीनं आली. मी दारात शेंगा निवडत होते. आत ये म्हटलं तर पायरीशी उभी राहिली. चहा टाकते म्हटलं तर म्हणाली, "च्या नगं." बाबा होते तेव्हापासून दिवाळीनंतर अंबाबाईच्या घरची मेंढरं आपल्या शेतात बसायची. ही बाई या पायरीवर चहा न घेता कधी गेली नाही.

"बाई, तुमी एवढ्या शिकलेल्या. पोराच्या जाग्याचं नाव न्हाई व्हय नीट लिवता आलं?"

मला आधी कळलंच नाही.

"किशोरराव म्हनले, त्यांनी बरोबर सांगितलं व्हतं. ताईचं वय झालं, हल्ली इसरती, भलतंच लिवलं. म्हनले, तिला रागावू नका. म्या न्हाई रागावत. म्या इचारतीया."

मी आत जाऊन वही आणली. पान उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्ये मला काय कळतंय? तुमी लिवलंय, तुमीच दावताय."

ती बरोबर बोलली. वहीत अक्षर माझं आहे, तुझं एकही नाही. तुझा शब्द एका बाजूला, माझं अक्षर दुसऱ्या बाजूला, आणि वाचता न येणाऱ्या बाईला निवाडा करायचा आहे. तुला हे ठाऊक होतं म्हणूनच तू तिला फोन केलास, मला नाही.

ती म्हणाली, "तिकडचे पोलीस तरी येळंवर बोलावले का?" मी म्हटलं, वेळ टळली तशी लगेच फोन लावला. ती मान हलवून गेली. रस्त्याला लागेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

तेव्हापासून गाव बोलतंय. पिठाच्या गिरणीत लीलाबाई मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "म्हातारपनी हिशेब चुकतोच की, पन दुसऱ्याच्या पोरावर चुकू नये." मी दळण घेऊन आले. एकतीस वर्षांत माझ्या हातून हजेरीपटावर एक नाव चुकलेलं नाही. भांडायचं असतं तर भांडले असते. पण कोणाशी भांडू? माझी साक्ष द्यायला एकच माणूस होता, तो मिठात गेला.

मी तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तू नववीत होतास. तुझा डबा मी भरला, तुझ्या इंजिनियरिंगच्या अर्जावर पालक म्हणून सही माझी आहे. हे उपकार म्हणून लिहीत नाही. एवढंच विचारते की ज्या बाईनं तुझ्यासाठी सही केली तिला विसरभोळी ठरवताना तुझी जीभ अडखळली का?

खरं असेल तर मला लिहून पाठव. "मी लाव्हर्टन सांगितलं होतं, ताईनं लिओनोरा लिहिलं." हे तुझ्या हातानं, तुझ्या सहीनं. मग मी मान्य करेन की माझं डोकं गेलं.

ताई

भरे
१२ डिसेंबर २०२५

किशोर,

तू लिहून पाठवलं नाहीस. आता गरज नाही.

काल करिष्मा आली. ती मारुंजीला एका सोसायटीत सफाईचं काम बघते, तिथून परस्पर आली, घरी न सांगता. दारातच म्हणाली, "बाई, आये तुमाला लई बोलली ना?" मी म्हटलं, तिचा अधिकार आहे. ती रडायला लागली. मग तिनं फोन काढला.

दत्तानं तिला २४ ऑक्टोबरला, शुक्रवारी दुपारी, बोलून निरोप पाठवला होता. ती कामावर होती, तेव्हा ऐकायचं राहिलं. नंतर त्याची बातमी आली आणि तिला तो ऐकण्याचं धाडस होईना. भावाचा शेवटचा आवाज. दीड महिना ते बटण तिनं दाबलं नाही. परवा दाबलं.

मी तो निरोप अनेकदा ऐकला आणि शब्दाला शब्द लिहून घेतला. मी काय लिहून घेते याबद्दल तुला शंका असेल, तर मूळ तिच्याकडे आहे.

"करिष्मे, लाव्हर्टनला पोचलो बग. हितनं पुढं रेंज न्हाई. आयेला सांग, रविवारी फोन करतो. आन ऐक, बाईंना काय बोलू नगं हां. दादांनी त्यास्नी लिओनोरा सांगितलंय. म्या म्हनलं, आवो, बाई हायेत त्या, त्यास्नी कशापायी खोटं? तर दादा म्हनले, अळंबीची जागा कुनी सांगतं व्हय रं? आन हसायला लागले. मला बी हसू आलं. म्हनले, ताईला कळलं का त्या कौस्तुभला कळंल. लई ऊन हाय गं हितं. नुसती लाल माती, चाराच न्हाई. मेंढरं आनली असती तर उपाशी मेली असती. ठिवतो. आयेला सांग, जेवलोय."

तर हे असं आहे.

आपली आई श्रावणात अळंबी आणायला जायची तेव्हा वरच्या वारुळांकडे जाताना बायांना म्हणायची, ओढ्याकडं चाललेय. सगळ्या बाया तेच करायच्या. सगळ्यांना माहीत असायचं की समोरची खोटं बोलतेय, आणि त्यात कोणाचं काही जात नव्हतं, कारण वारूळ हाकेच्या अंतरावर होतं आणि आई दुपारी जेवायला घरी यायची. आईनं अळंबीची जागा लपवली म्हणून कोणी तहानेनं मेलं नाही. तू ती गंमत उचलून त्या माळावर नेलीस.

जुलैत तुला तिथं चिंचोक्याएवढा सोन्याचा खडा सापडला. मला फोटो पाठवलास, जागा मात्र तेव्हाही लिओनोरा सांगितलीस. म्हणजे तेव्हापासून माझ्या वहीतली सगळी पानं खोटी आहेत. मी इथं घड्याळाकडे बघत बसायची, आणि जी जागा मी जपत होते ती नव्हतीच. कौस्तुभ माझ्या दिराचा मुलगा, तोही पर्थमध्ये असतो, तोही यंत्र घेऊन फिरतो. मी त्याला सांगेन असं तुला वाटलं. तीन वर्षांत मी कोणाला काही सांगितल्याचं एक उदाहरण दे.

आणि मग माणूस मेल्यावर तू त्याच खोट्यावर माझं नाव लिहिलंस.

ते पाप जागा लपवण्याहून मोठं आहे. जागा लपवताना तुला काय होईल ते माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. अंबाबाईला फोन लावताना तुला सगळं माहीत होतं.

करिष्मानं विचारलं, आयेला ऐकवू का? मी म्हटलं, थांब. तुला एक संधी द्यायची म्हणून थांब म्हटलं. तू स्वतः तिला सांग. नववर्षापर्यंत वाट बघते.

ताई

भरे
४ जानेवारी २०२६

किशोर,

तुझा निरोप एकतीस तारखेला आला. तो इथं उतरवून घेते, म्हणजे काय बोललं गेलं याबद्दल पुन्हा वाद नको.

"ताई, ते रेकॉर्डिंग करिष्माला डिलीट करायला सांग. इथे चौकशी चालू आहे. आम्ही होतो ती जमीन दुसऱ्याच्या नावावर होती, परवानगी नव्हती. माझी नोकरी जाईल. माझ्या दिशाचं बारावीचं वर्ष आहे. दत्ता काही परत येणार नाही. आणि एक सांगतो, तूही पोलिसांना सोमवारी सकाळी फोन केलास हे मला इथं कळलं आहे. मी ते अंबाबाईला सांगितलेलं नाही. तूही गप्प राहा. दोघांचं त्यातच भलं आहे."

तीन दिवस हे वाचते आहे. पहिल्या दिवशी तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी कळलं की तू मला नीट ओळखतोस, म्हणून राग येतो आहे. तू सौदा अशा वस्तूचा केलास जी खरंच माझ्याकडे आहे.

तर तेही लिहिते. मी पोलिसांना कळवलं असं आधीच्या पत्रात लिहिलं, केव्हा ते लिहिलं नाही. अंबाबाईला तोंडावर म्हणाले, लगेच. ते खोटं होतं. रविवारी तिथले सहा म्हणजे आपले साडेतीन. मी फोनपाशी बसले होते. साडेचार झाले, साडेसहा झाले. नंबर वहीत होता. लावला नाही. सोमवारी सकाळी साडेसहाला लावला. पंधरा तास.

का, हे तुला माहीत आहे. जुलैत तू एक तास उशीर केलास आणि मी ठरल्याप्रमाणे पोलिसांना फोन केला. ते निघाले, तू वाटेत भेटलास, तुझं लोकांत हसं झालं. तू मला म्हणालास, "ताई, हा शाळेचा तास नाही. पुन्हा असं केलंस तर तुला सांगून जाणार नाही." मी एकसष्टाव्या वर्षी त्या बोलण्याला घाबरले. तू सांगून जायचा थांबलास तर तीन वर्षांचं माझं ते एक काम, तुझा तो रविवारचा फोन, जाईल असं वाटलं. म्हणून थांबले. मनाशी म्हटलं, रस्त्यात असेल, रेंज नसेल, उगाच कशाला.

त्या पंधरा तासांत दत्ता जिवंत होता. डॉक्टरांच्या अंदाजानं तो मंगळवारी गेला. मी वेळेवर फोन केला असता तरी पोलीस लिओनोरालाच गेले असते, हे खरं आहे. पण ते मला आज माहीत आहे. त्या रविवारी माहीत नव्हतं. त्या रविवारी माझ्या समजुतीप्रमाणे तुम्ही लिओनोराला होतात, आणि मी बसून राहिले.

हे पत्र परवा इथपर्यंत लिहिलं आणि काल ते घेऊन एसटीनं ताम्हिणीला गेले. करिष्माला आधी बोलावून घेतलं होतं. म्हसू बाहेर कोकरू पायात धरून त्याचं खूर बघत होता. अंबाबाई चुलीपुढं होती. तिनं बसा म्हटलं नाही. मी बसले.

करिष्मानं आधी निरोप लावला. दत्ता "आयेला सांग, रविवारी फोन करतो" म्हणाला तेव्हा अंबाबाईनं हात वर केला. थांबव, असा. करिष्मानं थांबवला. मग अंबाबाई म्हणाली, "पुन्यांदा लाव." तीन वेळा लावला. म्हसू दारात येऊन उभा होता, कोकरू तसंच हातात.

मग मी पत्र वाचलं. तुझा निरोप वाचला, आणि माझे पंधरा तास वाचले. चष्मा काढला नाही. वर्गात वाचावं तसं वाचलं, कारण दुसरं काही मला येत नाही.

अंबाबाई माझ्याकडे वळली. मग तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल विचारलं.

"सोमवार उजाडंस्तवर का थांबलासा?"

"भाऊ चिडेल म्हणून."

"म्हंजी तुमी त्याचं मन राखलं."

"हो."

"आन माझ्यापाशी तोंडानं लगीच म्हनलासा."

"हो."

म्हसू म्हणाला, "जाऊ दे आता. बाईंनी येऊन सांगितलं तरी."

"तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. "त्यो तिकडनं सांगंना, ह्या हितनं सांगंनात. माझं पोरगं मदीच ऱ्हायलं."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "लिवा."

मी विचारलं, काय लिहू?

"म्या बोलले त्ये. समदं. आन त्याला म्हनावं, काय झालं त्ये पयल्यापासनं लिव. पानी कुनी किती घेतलं, पोराला चालत जा कुनी म्हनलं, ओढ्याची वाट कुनी दावली. दोन कागद कर म्हनावं. येक पोलिसाला, येक मला. तुमी वाचून दावू नगा, बाई. करिष्मा वाचंल."

ती माझ्यापुढं बोलली, म्हणून मी लिहिलं. करिष्मानं दत्ताचा निरोप काल संध्याकाळीच तिथल्या पोलिसांना पाठवला. सोबतचं इंग्रजी पत्र मी लिहून दिलं, त्यात माझ्या फोनची वेळ आहे. ते तिनं पाठवण्याआधी एका शिकलेल्या माणसाकडून तपासून घेतलं. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि तिनं केलं याचा मला राग आला नाही.

करिष्माचा पत्ता खाली दिला आहे. उत्तर तिला पाठव. मला पाठवू नकोस. माझ्या हातातून गेलं तर ते ताम्हिणीला कोणी खरं धरणार नाही.

शारदा